चुकल्यावर सांगणारे हत्यार

आपण रोज ज्या बाकावर बसतो, त्याच्या पुढच्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. कड बोचत नाही. ती किंचित गोल आहे. फळी करवतीखालून निघते तेव्हा तिची कड सुरीसारखी असते. तिच्यावर तासभर कोपर टेकून बसणे कोणाही विद्यार्थ्याला शक्य नाही, मग प्राध्यापकांचे व्याख्यान कितीही रंगलेले असो. ती कड कोणीतरी मुद्दाम मोडलेली असते. पूर्वी हे काम रंध्याने होई. आता पुष्कळ सुतार ते राउटर नावाच्या विजेच्या हत्याराने करतात. फळीच्या मध्ये खाच पाडणे, चौकटीला नक्षीची कड काढणे, बाहेर आलेली सनमायकाची किनार फळीबरोबर साफ करणे, बिजागरीसाठी उथळ खड्डा कोरणे, ही कामेही त्याचीच.

राउटर म्हटले की माझ्या वर्गमित्रांच्या डोळ्यांसमोर वायफायचा डबा येतो. दोन्ही शब्द आपण सारखेच उच्चारत असलो तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. डब्याचा राउटर 'मार्ग' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला. सुताराचा राउटर 'उकरणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. डुक्कर नाकाने जमीन उकरते, त्याच्याशी या क्रियापदाचे जवळचे नाते आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही व्युत्पत्ती आवडावी, कारण तिच्यात त्या हत्याराचा स्वभावच आला आहे.

कला शाखेच्या वार्षिकात असा विषय थोडा उपरा वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत मी जे काही नीट शिकलो असेन, त्यात या हत्याराचा क्रमांक वरचा आहे. शिवाय ते शिकताना जी चूक माझ्या हातून झाली ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, असेही मनापासून वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शेजारी किंवा नात्यात फर्निचरचे काम करणारे कोणीतरी असतेच. त्यांच्यापर्यंत यातील चार गोष्टी पोहोचल्या तरी लेखाचे काम झाले.

प्रथम हत्याराची ओळख. विजेचा राउटर येण्याच्या फार पूर्वीपासून हाताने चालवायचा राउटर होता. लाकडाचा एक ठोकळा आणि त्याच्या तळातून खाली डोकावणारे एक अरुंद पाते, इतकेच ते साधन. खाचेचा तळ एकसारखा सपाट करण्यासाठी ते वापरीत. इंग्रज सुतारांनी त्याला 'म्हातारीचा दात' असे नाव ठेवले होते. विजेच्या राउटरचा जन्म अमेरिकेतला, पहिल्या महायुद्धाच्या काळातला. सिरॅक्यूज शहरातील आर. एल. कार्टर या कारागिराने न्हाव्याच्या विजेवर चालणाऱ्या केस कापण्याच्या यंत्राची मोटर घेऊन तिच्यापासून लाकूड कोरणारे हत्यार बनवले, असे सांगतात. पुढे १९२९ साली त्यांचा हा धंदा स्टॅन्ले या प्रसिद्ध हत्यारे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतला.

आजच्या राउटरची रचनाही मुळात तितकीच सोपी आहे. उभी मोटर, तिच्या खाली सपाट बैठक आणि बैठकीच्या भोकातून बाहेर आलेले फिरते पाते. या पात्याला 'बिट' म्हणतात. बिटाचा दांडा ज्या चिरा पाडलेल्या नळीत धरला जातो ती 'कॉलेट'. वरची चाकी पान्याने आवळली की कॉलेटच्या चिरा मिटतात आणि दांडा पकडला जातो. एका हातात मावणाऱ्या लहान राउटरला आपल्याकडे 'ट्रिमर' म्हणतात. बिट सरळ असेल तर खाच पडते, गोलाईचे असेल तर कड गोल होते. काही बिटांच्या टोकाला छोटे बेअरिंग असते. ते फळीच्या किंवा नमुन्याच्या कडेला टेकून फिरते, त्यामुळे नमुन्याबरहुकूम आकार निघतो.

माझे वडील सुतार आहेत. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वाईजवळच्या आमच्या गावी घरामागे पत्र्याची शेड आहे. तेथे रंधे, पटाश्या, गिरमिट आणि करवती भिंतीवर ओळीने टांगलेल्या असतात. अण्णांची हत्यारे मी लहानपणापासून हाताळीत आलो. रंधा उलट्या तंतूवर चालवला की तो अडखळतो, हाताला हिसका बसतो, आवाज खरखरीत येतो. आपण थांबतो, फळी फिरवतो. पटाशी वाकडी गेली तर पहिल्याच ठोक्याला कळते. म्हणजे ही हत्यारे चूक होत असतानाच सांगतात, आणि दुरुस्तीला वेळ देतात. अण्णा शाळेत फार शिकले नाहीत, परंतु या हत्यारांनी त्यांना रोज शिकवले. राउटर तसा नाही. तो मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे फिरतो. चूक होते आहे हे मेंदूला कळेपर्यंत ती होऊन गेलेली असते. रंधा चुकताना सांगतो. राउटर चुकल्यावर सांगतो. माझ्या मते या हत्याराविषयी शिकायची मुख्य गोष्ट हीच, आणि पुढचे सारे नियम तिच्यातूनच निघतात. ज्या हत्याराबरोबर काम चालू असताना विचार करता येत नाही, त्याचा विचार बटण दाबण्यापूर्वी पुरा करावा लागतो.

हे मला कसे कळले ते सांगतो. बारावीनंतरच्या सुट्टीत मामांनी त्यांचा जुना ट्रिमर आम्हाला दिला. त्याच सुमारास गावातल्या एका आजोबांचा पडका वाडा उतरवला गेला. वाड्याच्या कडीपाटातील सागाच्या काही फळ्या त्यांनी अण्णांकडे आणून दिल्या आणि तेवढ्या लाकडातून एक देव्हारा करून मागितला. त्यांचे आजे, पणजे ज्या छताखाली राहिले त्याचे लाकूड होते ते. बाजारात दुसरे मिळण्यासारखे नव्हते.

देव्हाऱ्याच्या दोन बाजूच्या फळ्यांना मधली फळी बसवण्यासाठी खाचा पाडायच्या होत्या. बाजूची फळी १८ मिलीमीटर जाडीची. खाच १२ मिलीमीटर रुंद आणि ६ मिलीमीटर खोल. ट्रिमर हाती असल्याने ते काम मी अंगावर घेतले. तालुक्याच्या दुकानातून बिट आणले, कॉलेटमध्ये घातले, पान्याने जोर लावून आवळले. फळी दोन आडव्या पट्ट्यांवर ठेवली होती. अण्णांनी ती एका कडेला हाताने धरली. बोटे फळीच्या खाली वळलेली. आमच्याकडे फळी अशीच हाताने, नाहीतर पायाने दाबून धरण्याची सवय. पहिला हात तीन मिलीमीटर खोलीचा होता. वीतभर खाच छान पडली. मग आवाज बदलला, जाड झाला. मी जोर करून ढकलीत राहिलो. एकाएकी यंत्र थरथरले आणि बिटाचे टोक फळीच्या खालून बाहेर आले. अण्णांच्या बोटांपासून ते चार बोटांच्या अंतरावर होते.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी आधी भिंतीवरचा प्लग काढला. नंतर फळी उलटी करून ते भोक पाहिले, आपला हात पाहिला, आणि म्हणाले, "कुठं चुकलं ते आधी हुडक. मग हात लाव त्याला." त्यानंतर दोन दिवस ते त्याविषयी काही बोलले नाहीत. मला ते रागावले असते तर बरे वाटले असते.

चूक कोठे होती ती रस्त्यापलीकडच्या लेथवाल्या काकांनी दाखवली. त्यांनी कॅलिपरने बिटाचा दांडा मोजला. तो ६ मिलीमीटर निघाला. मामांच्या ट्रिमरची कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलीमीटरची होती. फरक अवघा ०.३५ मिलीमीटर, डोळ्याला दिसणार नाही असा. आपल्या बाजारात दोन्ही मापांची बिटे शेजारी शेजारी विकली जातात, आणि ६ मिलीमीटरचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये सहज शिरतो. चाकी आवळताना पान्याला जोरही लागतो, म्हणून तो पक्का बसला असे वाटते. प्रत्यक्षात कॉलेट त्याला सर्व अंगाने न धरता थोड्याशाच जागी धरते. यंत्र थरथरू लागले की दांडा हळूहळू निसटतो आणि बिट आपोआप खोल जाते. नवशिक्याने पाठ करावा असा पहिला नियम म्हणून हा: दांडा आणि कॉलेट एकाच मापाची हवी. मोठ्या राउटरमध्येही १२ मिलीमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर, यांच्यात हाच घोटाळा होतो. दांड्यावरचे माप वाचावे. पुसले गेले असेल तर मोजावे.

बिट बसवताना आणखी काही गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, बिट बदलताना प्लग काढलेला असावा. नुसते बटण बंद असून चालत नाही, कारण यंत्र उलटे करताना बोट बटणावर जाऊ शकते. दुसरी, दांडा तळाला टेकेपर्यंत आत घालावा आणि मग सुमारे तीन मिलीमीटर बाहेर ओढून घ्यावा. चाकी आवळताना कॉलेट दांड्याला किंचित आत ओढते. तळाला टेकलेल्या दांड्याला आत जायला जागा नसते आणि पकड कच्ची राहते. उलट, खोली मिळावी म्हणून दांडा टोकावरच धरणे तर सरळ अपघाताला बोलावणे आहे. तिसरी, कॉलेटमध्ये भुसा अडकलेला नसावा. फुंकर मारून, जुन्या ब्रशने ती साफ करावी. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात. मी त्या दिवशी ती दोन मिनिटे वाचवली होती.

यानंतर लाकूड. फळी शिकंजाने टेबलाला आवळल्याखेरीज राउटर सुरू करायचा नाही, हा आमच्या शेडमधला आता कायदा आहे. राउटर दोन्ही हातांनी धरायचा असतो, ट्रिमरही शक्यतो तसाच. म्हणून फळी धरायला हात उरतच नाही, आणि दुसऱ्याचा हात तेथे येऊ द्यायचा नाही. फळीखाली काय आहे तेही पाहावे. जुन्या वाड्याच्या लाकडात आणखी एक शत्रू लपलेला असतो, तो म्हणजे खिळा. डोके तुटलेला गंजका खिळा लाकडाच्या रंगात मिसळून जातो. बिटाच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा जोडलेला असतो. तो फार कठीण असतो, पण तितकाच ठिसूळही. खिळ्यावर आपटला तर तो तुटून उडतो. म्हणून आम्ही जुन्या फळीवरून आधी एक चांगला लोहचुंबक फिरवतो. बंद पडलेल्या स्पीकरमधला चुंबक या कामाला पुरतो.

आता दिशेविषयी. नवशिक्याचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. राउटर हातात धरून वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. राउटर पुढे ढकलताना कड कापायचे लाकूड आपल्या डाव्या हाताला असले पाहिजे. अशा वेळी बिटाची धार समोरून येणाऱ्या लाकडाला सामोरी जाते आणि यंत्र आपल्याला किंचित विरोध करते. चढावर गाडी ओढावी तसे ते वाटते. गाडी आपल्या पुढे पळत नाही. लाकूड उजव्या हाताला ठेवून ढकलले तर बिट चाकासारखे लाकडावर चढते आणि यंत्र पुढे पळू पाहते. हे उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखे आहे. मोठे बिट असेल तर हातातून हिसकाही बसतो.

ही दिशा लक्षात ठेवण्यासाठी मी एक खूण केली आहे. देवाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. राउटरला लाकूड डाव्या हाताला हवे. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना उलटी प्रदक्षिणा, आणि चौकटीच्या आतल्या कडेने जाताना सुलटी. 'बाहेरून उलटी, आतून सुलटी' एवढे म्हटले की माझी चूक होत नाही. देव्हारा करताना ही खूण सुचली, म्हणून ती देवाच्या नावाची. मात्र राउटर टेबलाखाली उलटा बसवलेला असेल तर वरून पाहता बिट उलट्या दिशेने फिरताना दिसते, आणि तेथे लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे लागते.

फळीच्या मध्ये खाच पाडताना दोन्ही बाजूंना लाकूड असते. मग काय करावे? पुढे ढकललेला राउटर डावीकडे सरकू पाहतो. म्हणून आधाराची सरळ पट्टी डाव्या बाजूला आवळावी. म्हणजे यंत्र स्वतःच पट्टीला चिकटून चालते. पट्टी उजवीकडे लावली तर ते तिच्यापासून दूर जाते आणि खाच नागमोडी होते. चारही कडा गोल करायच्या असल्या तर आधी तंतू कापले जातात त्या दोन टोकांच्या कडा घ्याव्यात आणि नंतर लांबीच्या. टोकाची कड घेताना शेवटच्या कोपऱ्यावर लाकूड फाटते. ती फाट लांबीची कड घेताना निघून जाते.

खोली आणि चाल यांचा विचार एकत्र केला पाहिजे. सरळ बिटाने एका हातात बिटाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त खोल जाऊ नये. बिट ६ मिलीमीटरचे असेल आणि खाच ९ मिलीमीटर खोल हवी असेल, तर ती तीन हातांत पाडावी. एका दमात करण्याचा मोह होतो, कारण मोटरमध्ये शक्ती असते. ती मोटरमध्ये असते, बारीक दांड्यात नसते. चालीचे म्हणाल तर फार हळू गेले की एकाच जागी घासून लाकूड जळते आणि काळा डाग पडतो. तो पॉलिश पेपरने लवकर जात नाही. फार वेगाने गेले की कडेला दातेरी खुणा पडतात आणि तंतू फाटतात. योग्य चालीत आवाज एकसारखा राहतो आणि बारीक पिठाऐवजी कणीदार भुसा पडतो. आवाज जाड झाला की काहीतरी बिघडले असे समजून थांबावे. त्या दिवशी आवाज बदलला होता. मी त्याला लाकडाची गाठ समजलो. योग्य चालीनेही डाग पडत असतील तर बिटाची धार गेली आहे किंवा तिच्यावर राळ साचली आहे, असे समजावे.

फेऱ्यांविषयी थोडे गणित सांगितले पाहिजे; कला शाखेचे असलो तरी एवढे आपल्याला झेपेल. १२ मिलीमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २४,००० फेरे फिरले तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर होतो. तेवढ्याच फेऱ्यांवर ५० मिलीमीटरचे बिट फिरवले तर कडेचा वेग होतो ताशी सुमारे २२६ किलोमीटर! फेरे तेच, पण परीघ चौपट. म्हणून बिट जितके मोठे तितके फेरे कमी ठेवतात. साधारणपणे २५ मिलीमीटरपर्यंत २४,०००, ५० मिलीमीटरपर्यंत १८,००० आणि त्याहून मोठ्यांना १६,००० पासून खाली १२,००० पर्यंत. बिटावर किंवा त्याच्या डबीवर कमाल फेरे छापलेले असतात, ते शेवटचा शब्द मानावा. ट्रिमर बहुधा एकाच, फार मोठ्या वेगाने फिरतो, म्हणून त्याला लहान बिटेच लावावीत. फार मोठी बिटे टेबलात बसवलेल्या राउटरसाठीच असतात.

सुरू करताना बिट लाकडाला टेकलेले नसावे. पूर्ण वेग आल्यावरच ते लाकडात न्यावे. काम संपल्यावर बटण बंद करून फिरणे थांबेपर्यंत यंत्र हातातच धरावे, कारण बटण बंद झाल्यावरही बिट काही क्षण फिरत राहते. आपल्याकडे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काम चालू असताना वीज गेली तर पहिल्यांदा बटण बंद करावे. बटण तसेच चालू ठेवून आपण चहाला गेलो आणि वीज परत आली, तर टेबलावरचे यंत्र स्वतःहून पळू लागेल.

आता स्वतःच्या शरीराविषयी. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच. कानांनाही संरक्षण हवे. आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या वर आवाज धोक्याचा मानतात, आणि राउटर बहुधा त्याहून मोठ्याने ओरडतो. हातमोजे घालू नयेत. ऐकायला विचित्र वाटते, पण फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला तर तो बोटासकट हात ओढून नेतो. याच कारणाने मनगटावरचा दोरा, कडे, लोंबती बाही, ओढणी, मोकळे केस यांना राउटरजवळ मज्जाव. माझ्या मनगटावर जत्रेतला लाल दोरा होता. तो मी स्वतः सोडून आईकडे दिला. तिला वाईट वाटले, पण कारण सांगितल्यावर पटले.

धुळीकडे मात्र आपल्याकडे कोणीच लक्ष देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. नाक आणि त्याच्या आसपासच्या पोकळ्यांना तिचा धोका असतो. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. रंध्यातून कुरळी सोलपटे निघतात आणि पायांशी पडतात. राउटरची बारीक धूळ हवेत तरंगते आणि श्वासात जाते. म्हणून तोंडावर चांगला मास्क, शेडचे दार उघडे, आणि शक्य असेल तर भुसा ओढणारी नळी. अण्णांनी चाळीस वर्षे तोंडाला काही बांधले नाही. आता ते मास्क लावतात, अर्थात मी समोर असलो तरच.

ज्यांना हे हत्यार शिकायचे असेल त्यांनी कामाच्या लाकडावर शिकू नये. टाकाऊ तुकडे घ्यावेत. पहिले काही दिवस बेअरिंगच्या लहान बिटाने फक्त कडा गोल कराव्यात. त्यात दिशा आणि चाल हाताला कळते. मग पट्टी लावून उथळ खाचा पाडाव्यात, आणि त्यात दुसरी फळी घट्ट पण न ठोकता बसते का ते पाहावे. नमुन्यावरून आकार काढणे हे त्यानंतरचे. आणि खऱ्या फळीला हात लावण्यापूर्वी त्याच मापाची खाच तशाच एका टाकाऊ तुकड्यावर पाडून पाहावी. मी त्या दिवशी तसे केले असते तर बिट निसटले ते टाकाऊ तुकड्यातच निसटले असते.

त्या फळीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आजोबांना सांगायला अण्णांनी मलाच पाठवले. मी भोक पडलेली फळी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो आणि झाले ते सांगितले. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारले, "हात शाबूत आहेत ना सगळ्यांचे?" मग म्हणाले, "देव्हारा थोडा बुटका झाला तर देव काही वाकत नाहीत." उरलेल्या लाकडात ठरल्यापेक्षा चार इंच कमी उंचीचा देव्हारा झाला. त्याच्या सगळ्या खाचा मीच पाडल्या. बिट योग्य मापाचे होते आणि फळ्या शिकंजाने आवळलेल्या होत्या. कळसाखालची कमान मात्र अण्णांनी पटाशीने कोरली. ती माझ्या कोणत्याही खाचेपेक्षा देखणी आहे. यंत्र आले म्हणून हाताची कला संपत नाही, हे मला ती कमान पाहून पटले. राउटरने वाचवलेला वेळ अण्णांनी तिच्यावर खर्च केला होता.

भोक पडलेली ती फळी आम्ही जाळली नाही. शेडमध्ये प्लगच्या शेजारी ती टांगली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा मामेभाऊ ट्रिमर शिकायला आला होता. आल्या आल्या त्याने यंत्राला हात घातला. मी ते त्याच्या हातातून घेतले, त्याच्या हातात आधी ती फळी दिली आणि म्हटले, "हे भोक कसं पडलं असेल ते हुडक. मग हात लाव त्याला."